वांगासाठी सनस्क्रीन: मिनरल, केमिकल की रंगीत?

दुसऱ्या बाळंतपणानंतर वहिनीच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग उठले. डॉक्टरांनी रात्री लावायचं क्रीम दिलं आणि वर बजावलं, "दिवसा सनस्क्रीन नसेल तर याचा उपयोग नाही." ती दुकानात गेली, तीन तऱ्हेच्या ट्यूब पाहून गोंधळली आणि तिथूनच मला फोन केला. तेव्हा घाईत जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर लिहितेय.

दुकानदार हमखास सांगतो की मिनरल सनस्क्रीन ऊन आरशासारखं परतवतं आणि केमिकल ते शोषून घेतं. ऐकायला छान, पण ते तसं नाही. मिनरलमधलं झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडही अतिनील किरण मुख्यतः शोषूनच घेतं. परतणारा भाग जेमतेम पाच टक्के. त्यामुळे "केमिकलने चेहरा तापतो, वांग वाढतं" या भीतीपोटी मिनरलकडे वळण्यात फारसा अर्थ नाही.

खरा फरक आरशात दिसतो. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. त्याचे कण प्रकाश जोरात विखुरतात, म्हणून गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर राखाडी झाक येते. भुवयांच्या केसांत आणि कपाळावरच्या केसांच्या रेषेत पांढरी कड अडकते, कितीही चोळा. झिंक त्या मानाने सौम्य, पण तेही लपत नाही. मिनरलच्या बाजूने बोलायचं तर ते डोळ्यांत फारसं चुरचुरत नाही आणि नाजूक त्वचेला, लहान मुलांना सहसा सोसतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१९च्या प्रस्तावात सुरक्षित आणि परिणामकारक म्हणून या दोनच घटकांना पसंती दिली. अनेक केमिकल घटकांबद्दल आणखी माहिती मागितली. त्यातले काही घटक रक्तात उतरतात असं चाचण्यांत दिसलं होतं. मात्र रक्तात सापडणं म्हणजे अपाय सिद्ध होणं नव्हे, सनस्क्रीन बंद करू नका, हेही एफडीएनेच सांगितलं.

केमिकलचा मोठा गुण म्हणजे ते पातळ असतं, झटकन पसरतं आणि दिसत नाही, त्यामुळे माणूस ते पुरेसं लावतो. हा गुण लहान समजू नका. एसपीएफचा, म्हणजे ट्यूबवरच्या ऊन-संरक्षणाचा, आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढतात. चेहऱ्याला ते साधारण एक ग्रॅम होतं, म्हणजे दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघा. ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून दोनदा लावली तर महिनाभरही पुरत नाही. तुमची सहा महिने पुरत असेल, तर ट्यूबवर एसपीएफ ५० छापलेलं असलं तरी चेहऱ्याला त्यातलं थोडंच मिळतंय.

घटक वाचताना एवढं पाहा. केमिकलमधलं अ‍ॅव्होबेन्झोन उन्हातच विघटित होतं. सोबत ऑक्टोक्रिलीन असेल तर टिकतं, ऑक्टिनॉक्झेट असेल तर आणखी लवकर ढासळतं. बेमोट्रिझिनॉल, म्हणजे टिनोसॉर्ब एस, उन्हात टिकाऊ आणि यूव्हीए-यूव्हीबी हे अतिनील किरणांचे दोन्ही प्रकार अडवणारं. दिसलं तर ती ट्यूब उचला. एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीबद्दल सांगतो. यूव्हीए खिडकीच्या काचेतूनही येतं, त्यासाठी ट्यूबवर 'पीए' या यूव्हीए-संरक्षणाच्या खुणेपुढची अधिकची (+) चिन्हं मोजा. तीन तरी हवीतच. केमिकलचा त्रास म्हणाल, तर मे महिन्यात स्कूटरवर घाम डोळ्यांत उतरला की सिग्नलला डोळे मिटून उभं राहायची वेळ येते.

आता वांगाचा मुद्दा. वांग फक्त अतिनील किरणांनी गडद होत नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही होतं, विशेषतः निळ्या-जांभळ्या टोकाच्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा प्रकाशाने सावळी त्वचा काळवंडली आणि ती काळसर छटा टिकलीही. गोऱ्या त्वचेवर तसं झालं नाही. एसपीएफ आणि पीए याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. शिवाय जे क्रीम डोळ्यांना पारदर्शक दिसतं, त्यातून दिसणारा प्रकाश आरपार जाणारच! म्हणजे केमिकल सनस्क्रीनचा सगळ्यात लाडका गुण वांगाच्या बाबतीत उणा पडतो.

इथे रंगीत सनस्क्रीन कामाला येतं. त्यातला रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो, लाल, पिवळा, काळा. हा प्रकाश तोच अडवतो. ट्यूबवर 'आयर्न ऑक्साइड' किंवा सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे आकडे शोधा. नुसतं 'ब्लू लाइट प्रोटेक्शन' छापलं असेल आणि यातलं काहीच नसेल, तर मी तरी त्यावर विश्वास ठेवत नाही. दोष म्हणजे ओढणीला, कॉलरला डाग पडतात आणि छटा मोजक्याच मिळतात. त्यातल्या काही सावळ्या चेहऱ्यावर गुलाबी दिसतात. छटा जुळलीच नाही तर आधी पारदर्शक सनस्क्रीन भरपूर लावावं आणि त्यावर हेच आकडे असलेलं फाउंडेशन.

वांग नसेल, रोजचं ऑफिस असेल, तर मी डोळे झाकून पारदर्शक केमिकल घेईन. त्वचा चटकन लाल होत असेल तर झिंकवालं. वांग असेल तर रंगीतच, आणि वर पुण्याच्या मुली बांधतात तसा स्कार्फ. त्या स्कार्फची थट्टा खूप होते, पण दाट विणीचं कापड घामाने वाहून जात नाही.

वहिनीने दुकानाच्या दारात, उजेडात, जबड्याच्या कडेला दोन छटा लावून पाहिल्या. पहिली गुलाबी निघाली. दुसरी लावल्यावर मला फोटो पाठवला आणि विचारलं, "कुठे लावलंय सांग." मला सांगता आलं नाही. तिने तीच घेतली.