श्टुटगार्टमध्ये राहायचं कुठे: हॉस्टेल की वेगे?

जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी सध्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. त्यातला मोठा लचका घरभाडं तोडतं, म्हणून हा प्रश्न: हॉस्टेल घ्यायचं की वेगे, म्हणजे काही जणांनी मिळून घेतलेला फ्लॅट?

हॉस्टेलचं भाडं बेताचं, करार चोख. दोन आठवड्यांत शहरात नाव नोंदवायला घरमालकाचा जो कागद लागतो, तोही विनासायास मिळतो. खोड एकच: आमच्या मजल्यावर पुणे, नाशिक, इंदूर सगळे हजर. रात्री पोह्यांना फोडणी, गप्पा मराठी-हिंदीत. जर्मन सुधारेल तर शपथ!

वेगेत आधी तुमची मुलाखत होते, आणि ती नोकरीच्या मुलाखतीपेक्षा अवघड. भांडी कधी घासतोस, पाहुणे किती येतात, सगळं विचारतात. शिवाय या भागातली ‘केरवोखं’: दाराला पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना झाडून-पुसून काढायचा. कोपऱ्यातली धूळ राहिली की खालच्या आजी बेल वाजवणारच. पण माझं बोलणं सुधारलं ते त्यांच्याशी हुज्जत घालूनच.

पैशाचंही बघा. रेडिओ-टीव्हीची १८.३६ युरोंची मासिक वर्गणी दर घरामागे असते. वेगेत ती वाटून जाते, हॉस्टेलच्या स्वतंत्र खोलीत बहुधा एकट्याच्या माथी.

माझं मत विचाराल, तर पहिलं सेमिस्टर हॉस्टेल, मग वेगे. मात्र नोंदणीचा कागद न देणारी खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.