क्राबीची किशोर सहल : एका सोलापूरकर पालकाचा अभिप्राय

शहरातील एका सहल कंपनीच्या गटातून आमची १५ वर्षांची कन्या मे महिन्यात थायलंडमधील क्राबीला जाऊन आली. हिप्परग्याच्या तलावापलीकडे पाणी न पाहिलेल्या या मुलीने आओ थालेनच्या खारफुटीतून कयाक वल्हवली आणि रायले येथील चुनखडीचा कडा, कमरेला दोर बांधून, तिसऱ्या प्रयत्नात सर केला. लाइफ जॅकेटचा प्रत्येक पट्टा प्रशिक्षक स्वतः ओढून तपासत, हे ऐकून आम्ही निश्चिंत झालो. स्नॉर्केलिंग (नळीतून श्वास घेत पाण्याच्या पृष्ठभागावर पोहणे) मात्र लाटांमुळे रद्द झाले आणि त्याच्या परताव्यासाठी कार्यालयात चार खेपा घालाव्या लागल्या. (सोबतच्या कडक भाकऱ्या व शेंगाचटणी गटाने दुसऱ्याच दिवशी संपवली.) तेथील पावसाळा मेमध्येच सुरू होत असल्याने नाताळच्या सुट्टीतील गट निवडणे श्रेयस्कर.