कंपनीतले सर, वॉर्डातल्या मॅडम: फार्मसी कॉलेज निवडताना काय पाहायचं

मे महिन्यात खानापूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "अक्का, पोरगी फार्मसीच करणार म्हणते. कुठल्या कॉलेजात पीएच.डी.वाले जास्त हायेत तेवढं बघून सांग की." मी बी.फार्म. केलं, सात वर्षं गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या तपासणीचं काम केलं आणि आता बेळगावात शहापूरला मेडिकल चालवते. त्यामुळे घरात असला प्रश्न आला की तो माझ्याकडेच येतो. पीएच.डी. मोजून देणं सोपं होतं, पण मोजून तिला काही कळलं नसतं. शिकवणारा माणूस कॉलेजात येण्याआधी कुठं काम करत होता, हे विचारलं की बरंच काही कळतं. बहिणीला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते आहे.

आपल्या भागातल्या मुलांना पर्याय कमी नाहीत. बेळगावात केएलई, मराठा मंडळ, राणी चन्नम्मा यांची फार्मसी कॉलेजं आहेत, निपाणीतही केएलईचं आहे. सीमा ओलांडली की गडहिंग्लजजवळ महागाव, पुढे कोल्हापूर, वारणानगर. कर्नाटकाच्या सीईटीतून इकडे प्रवेश मिळतो. शिवाय सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत 'टाइप ई' असा वेगळा गट आहे, म्हणजे तिकडचंही दार उघडं. मी कॉलेजांची क्रमवारी लावणार नाही. शिक्षक बदलतात, एक चांगला माणूस निघून गेला की विभागाचा चेहरा बदलतो. शिक्षकांचे प्रकार मात्र सगळीकडे तेच असतात, तेव्हा तुलना त्यांचीच करू.

कागदावर हे शिक्षक एकसारखेच दिसतात. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१४ मध्ये शिक्षकांच्या पात्रतेचे नियम केले. सुरुवातीच्या पदाला एम.फार्म. हवं, वर चढायचं तर पीएच.डी. हवी. त्यामुळे वेबसाइटवर नावापुढे सगळीकडे तीच अक्षरं दिसतात. या नियमाची दुसरी बाजूही आहे. कारखान्यात वीस वर्षं गोळ्या बनवलेला, हाताने दाबून दाणा ओला झाला की नाही सांगणारा माणूस नुसता बी.फार्म. असेल तर त्याला नेमणूक मिळत नाही. तो आलाच तर पाहुणा म्हणून एखादं व्याख्यान देऊन जातो.

फरक वर्गात दिसतो. एकच गोळी घ्या, मेथोट्रेक्सेट, अडीच मिलिग्रॅमची. सांध्यांच्या आमवाताला आणि सोरायसिसला देतात. ही गोळी चार वेगवेगळ्या शिक्षकांनी शिकवली तर काय होतं ते सांगते.

बी.फार्म., एम.फार्म., पीएच.डी. आणि लगेच अध्यापन, असे आलेले सर फळ्यावर दोन रचना काढतील: एक फॉलिक ॲसिडची, शेजारी मेथोट्रेक्सेटची. फरक दोनच जागी, एका ठिकाणी अमिनो गट बसलाय आणि एका नायट्रोजनवर मिथाइल. एवढ्या साधर्म्यामुळे पेशीतलं एन्झाइम फसतं आणि पेशीची वाढ थांबते. सर चांगले असतील तर हे औषध यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या गटाने बनवलं हेही सांगतील, आणि आपल्याकडच्या माणसाचं नाव ऐकून मागच्या बाकावरची मुलंही वर बघतील.

कंपनीतून आलेले सर रचनेवर दोन मिनिटं थांबतील आणि विचारतील, शंभर मिलिग्रॅमच्या गोळीत औषध अडीच मिलिग्रॅम, म्हणजे अडीच टक्के. ते प्रत्येक गोळीत सारखं गेलं हे तुम्ही कशावरून म्हणता? मग मिश्रण टप्प्याटप्प्याने दुप्पट करत का न्यायचं, यंत्राच्या हादऱ्याने हॉपरमध्ये बारीक आणि जाड दाणे वेगळे का पडतात, वंगण म्हणून घातलेलं मॅग्नेशियम स्टिअरेट जास्त वेळ फिरवलं तर गोळी पाण्यात उशिरा का विरघळते, हे सगळं येईल. शिवाय हे पेशींना मारक औषध, त्याला वेगळी जागा आणि वेगळी हवा लागते.

वॉर्डातून आलेल्या मॅडम पहिलंच वाक्य बोलतील: "ही गोळी आठवड्यातून एकदाच." रोज घेतली गेली तर तोंडात फोड, मग ताप, मग रक्तपेशी खाली, आणि माणूस दगावू शकतो. त्या फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी का देतात ते सांगतील, मूत्रपिंड कमजोर असलेल्या आजोबांचं काय करायचं ते सांगतील, आणि लघवीच्या जंतुसंसर्गाला कोणी कोट्रायमोक्साझोल हे जंतुनाशक औषध लिहिलं तर डॉक्टरांना फोन का करायचा, हेही.

चौथा शिक्षक क्वचित भेटतो, ज्याने दुकानाच्या किंवा सरकारी दवाखान्याच्या काउंटरवर वर्षं घालवली आहेत. तो एक गोष्ट सांगेल जी पुस्तकात नाही. मराठीत 'वार' म्हणजे सोमवार, मंगळवार, एक दिवस. कन्नडमध्ये 'वार' म्हणजे आठवडा. खानापूरच्या बाईला आणि बैलहोंगलच्या आजोबांना तुम्ही एकाच दमात "दर वाराला एक गोळी" म्हणालात, तर दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी ऐकल्या. म्हणून पाकिटावर "फक्त सोमवारी" असं लिहायचं, आणि माणसाकडून परत वदवून घ्यायचं. माझ्या दुकानात मी हे रोज करते. कॉलेजात मला कोणी शिकवलं नव्हतं.

चौघांपैकी कोणाला खोडण्यासारखं नाही. पण वजन सारखं नाही, आणि कुठल्या वर्षाला कोण हवं हेही वेगळं आहे.

पहिल्या दोन वर्षांत मी अध्यापनातच मुरलेल्या शिक्षकाच्या बाजूने उभी राहीन. सेंद्रिय रसायन, जैवरसायन, शरीरशास्त्र हे पाया घालायचे विषय. आपल्याकडची पुष्कळ मुलं मराठी शाळेतून येतात, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, अचानक सगळं इंग्रजी होतं, आणि बी.फार्म.च्या पहिल्या सत्रात ती गप्प होतात. अशा वेळी तेच प्रकरण पंधरा वर्षं शिकवलेली, मूल कुठं अडतं हे ठाऊक असलेली, अडलं तर मराठीत किंवा कन्नडमध्ये दोन वाक्यं सांगणारी बाई सोन्यासारखी. जीपॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन पुढे एम.फार्म.ला जायचं असेल तर याच लोकांचा सर्वांत जास्त उपयोग. त्यांच्यातलं एक लक्षण मात्र तपासा. विभागातल्या सगळ्यांचं बी.फार्म., एम.फार्म., पीएच.डी. त्याच इमारतीत झालं असेल, तर बाहेरची हवा तिथं पोचलेली नाही. एक-दोघांचं तसं असणं चालतं.

तिसऱ्या-चौथ्या वर्षाला कंपनीचा अनुभव नसलेला औषधनिर्माणशास्त्राचा, म्हणजे गोळ्या-औषधं बनवायला शिकवणारा, विभाग मी पसंत करणार नाही. इथे मी ठाम आहे, कारण सोसलंय. आमच्या वेळी गोळ्यांचं यंत्र होतं, पण आम्ही ते चालताना पाहिलं नाही. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी गोळी किती वेळात विरघळते याची चाचणी लावली, वाचन एका चिठ्ठीवर टिपलं आणि नंतर नीट अक्षरात नोंदवहीत उतरवलं. आमच्या विभागप्रमुखांनी ती चिठ्ठी उचलली आणि म्हणाले, "मूळ नोंद ही आहे, आणि तुम्ही ती टाकून देणार होता." जे दिसलं ते त्याच क्षणी, त्याच पानावर लिहायचं, चुकलं तर एक रेघ मारून सही-तारीख घालायची, खोडायचं नाही. औषधाच्या धंद्यातला हा पहिला धडा. चार वर्षांत एकाही शिक्षकाने तो सांगितला नव्हता, कारण त्यांच्यापैकी कोणीच कारखान्यात काम केलेलं नव्हतं. त्यांची निष्ठा कमी होती असं मी कधीच म्हणणार नाही. जे हाताने केलं नाही ते शिकवता येत नाही, एवढंच.

कंपनीतून आलेल्यांच्याही मर्यादा आहेत. कंपनी सोडून दहा वर्षं झाली असतील तर त्यांचा कारखाना जुना झाला. शेड्यूल एम, म्हणजे उत्पादनाचे सरकारी नियम, अलीकडेच पार बदलले. काहींना शिकवण्याची कला साधत नाही, ते अनुभव सांगत राहतात आणि अभ्यासक्रम मागे पडतो. तरी त्यांचा एक मोठा फायदा ओळखीचा. सहाव्या सत्रानंतर मुलांनी चार आठवड्यांत १५० तास कारखान्यात किंवा दवाखान्यात काम करणं अपेक्षित असतं. चोर्ल्याचा घाट उतरला की गोव्यातले कारखाने. कारवारच्या मुलांनाही गोवाच जवळ, भालकी-बीदरच्या मुलांना हैदराबाद. तिथं आतल्या कोणाला फोन करू शकणारे सर असले तर मुलाला यंत्रापाशी उभं राहायला मिळतं, नाहीतर गेटावर प्रमाणपत्र घेऊन परत.

वॉर्डाचा अनुभव असलेले शिक्षक कमी का, याला इतिहास आहे. आपल्या देशात विद्यापीठात फार्मसी १९३२ मध्ये बनारसला आली, महादेव लाल श्रॉफ यांच्यामुळे, आणि ते रसायनशास्त्राकडून आलेले होते. पुढची कित्येक दशकं हा अभ्यासक्रम कारखान्याकडे आणि प्रयोगशाळेकडे तोंड करून उभा राहिला. रुग्णाच्या खाटेशी उभा राहणारा फार्मासिस्ट घडवायला म्हैसूर आणि उटीसारख्या ठिकाणी १९९० च्या दशकात सुरुवात झाली, आणि त्यासाठीचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम, फार्म.डी., आला तो २००८ मध्ये. म्हणून या विषयाचे शिक्षक सहसा तरुण असतात. वय बघून नाक मुरडू नका.

फार्म.डी.ला जायचं असेल तर माझं मत कडक आहे: शिक्षक स्वतः रोज वॉर्डात जात नसतील तर तो अभ्यासक्रम घेऊ नका. किमान ३०० खाटांच्या रुग्णालयाशी जोडणी असल्याशिवाय हा कोर्स चालवता येत नाही. पण करारपत्रावरचं रुग्णालय वेगळं, आणि डॉक्टरांच्या फेरीत आपल्या मॅडम हजर असणं वेगळं. सहावं वर्ष पूर्ण इंटर्नशिपचं, सहा महिने जनरल मेडिसिन आणि मग तीन विभागांत दोन-दोन महिने. डॉक्टर ज्यांना नावाने ओळखतात अशा शिक्षकाच्या मागे उभं राहिलं तर त्या वर्षात मूल घडतं. नाहीतर फायली भरते.

वनौषधींच्या विभागाबद्दल थोडं, कारण सहसा कोणी विचारत नाही. आपल्या खानापूरच्या जंगलाला लागून सह्याद्री आहे. नरक्या नावाचं झाड इथलं, त्यातून मिळणाऱ्या कॅम्प्टोथेसिनपासून कर्करोगावरची औषधं बनतात, आणि त्यापायी ते बेसुमार तोडलंही गेलं. बेळगावात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही आहे. अशा ठिकाणी काम केलेला किंवा रान तुडवलेला शिक्षक असेल तर हा विषय जिवंत होतो. नसेल तर बाटलीतली वाळकी साल बघून चित्र काढायचं.

आता हे शोधायचं कसं. कॉलेजच्या वेबसाइटवर शिक्षकांची यादी असते, त्यात अध्यापन, उद्योग आणि संशोधन यांची वर्षं दिलेली असतील तर उद्योगाचा रकाना आधी वाचा. पुष्कळदा तो रिकामा असतो. यादीतली माणसं खरोखर कॉलेजात दिसतात का ते बघा, कारण नाव एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, हा आजार या क्षेत्रात जुना आहे. सकाळी अकराच्या सुमारास, प्रात्यक्षिकं चालू असताना जा. एचपीएलसीसारख्या औषध तपासायच्या महागड्या यंत्राशेजारी वापराची वही ठेवलेली असते. शेवटची तारीख कोणती आहे ते पाहू द्या म्हणा. मागच्या आठवड्यातली असेल तर छान. कॉलेजच्या मागच्या तपासणीच्या वेळची असेल तर समजून घ्या. शेवटच्या वर्षाच्या मुलांना बाहेर चहाच्या गाड्यावर गाठा. आणि शिक्षकांना नम्रपणे एकच प्रश्न विचारा: "सर, तुम्ही शेवटचं कारखान्यात किंवा वॉर्डात कधी गेला होता?" चांगल्या शिक्षकाला या प्रश्नाचा राग येत नाही, तो खुलून बोलायला लागतो.

औषध कंपनीत जायचं नक्की असेल तर औषधनिर्माण आणि गुणवत्ता या दोन विषयांत मिळून कारखान्यात काम केलेले किमान दोघे असावेत, बाकी विभाग सरासरी असला तरी चालेल. संशोधनाकडे ओढा असेल तर पीएच.डी.धारकांची संख्या सोडा, ते आज काय करत आहेत ते पाहा. घरचं मेडिकल सांभाळायचं असेल तर दोन वर्षांच्या डी.फार्म.ला काउंटरवर काम केलेला शिक्षक शोधा, त्यातलं ५०० तासांचं प्रशिक्षण खरोखर करा, आणि ते चांगल्या दुकानात करा.

भाचीला घेऊन मी दोन कॉलेजं पाहून आले. पहिल्या ठिकाणी सर मायेने बोलले, यंत्रं नवी होती, वही मात्र सापडली नाही. दुसऱ्या ठिकाणी इमारत जुनी. तिथल्या मॅडमना तिने स्वतःच विचारलं, मला बोलावं लागलं नाही. त्यांनी ॲप्रनच्या खिशातून छोटी डायरी काढली, त्या सकाळच्या फेरीतल्या एका रुग्णाच्या औषधांची नोंद तिच्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "यातलं काय चुकलंय असं तुला वाटतं?" तिला अर्थातच सांगता आलं नाही. पण परतताना बसमध्ये खानापूर येईपर्यंत ती त्या नोंदीबद्दलच विचारत होती. आईला फार्म.डी.ची सहा वर्षं जास्त वाटतात, फीचंही गणित अजून बसवायचं आहे. पर्याय भरताना पहिल्या जागी मात्र ते जुन्या इमारतीचं कॉलेज आहे.