मार्क, मत्तय, लूक की योहान: आधी कोणतं शुभवर्तमान वाचावं?

नवा करार म्हणजे ख्रिस्ती बायबलचा दुसरा भाग, आणि शुभवर्तमानं म्हणजे त्यातले येशूचं आयुष्य सांगणारे चार ग्रंथ. तो पहिल्यांदा हाती घेणारा माणूस मत्तयापासून सुरुवात करतो, कारण छापील क्रमात तेच पहिलं आहे. उघडताच अब्राहामापासूनची लांबलचक वंशावळ लागते आणि पुष्कळांचं वाचन तिथेच अडतं. माझा आग्रह मार्कपासून सुरुवात करण्याचा आहे.

मार्क चौघांत सगळ्यात छोटं. अवघे १६ अध्याय, एका बैठकीत वाचून होतात. बहुतेक अभ्यासक ते इ.स. ७०च्या आसपासचं मानतात, म्हणजे रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर उद्ध्वस्त केलं त्या काळातलं. जन्मकथा नाही, गोठा नाही. येशू थेट यार्देन नदीवर बाप्तिस्मा घ्यायला येतो. तो चिडतो, कळवळतो, आणि जवळच्या शिष्यांनाही त्याचं म्हणणं उमगत नाही. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन हस्तलिखितांत तर शेवटी स्त्रिया रिकाम्या कबरेपासून भीतीने पळतात, कुणाला काही सांगत नाहीत, आणि मजकूर संपतो. आज दिसणाऱ्या पुढच्या १२ ओव्या नंतरची भर आहे, असं बहुतेकांचं मत आहे.

मत्तय आणि लूक साधारण १०-२० वर्षांनी आले आणि दोघांच्याही समोर मार्क होतं, असं मानलं जातं. मत्तयाचा वाचक यहुदी धर्मशास्त्रात मुरलेला. म्हणून पावलोपावली ‘संदेष्ट्यांनी सांगितलं ते पूर्ण व्हावं म्हणून’ असं येतं. डोंगरावरचं प्रवचन सलग वाचायचं असेल तर मत्तयाला पर्याय नाही. लूक वंशावळ आदामापर्यंत नेतो. त्याला सगळी माणसं कवेत घ्यायची आहेत. उधळ्या पुत्राचा आणि चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे बोधकथा, फक्त त्याच्याकडे आहे. गोष्टीत रमणाऱ्याने मार्कनंतर लूकच घ्यावं.

योहान पहिल्या शतकाच्या अखेरचं, आणि त्याची वाटच वेगळी. त्याची सुरुवात सृष्टीच्याही आधीपासून होते. मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथण्याचा प्रसंग इतर तिघांकडे अखेरच्या आठवड्यात येतो, इथे दुसऱ्याच अध्यायात.

फरक खरा कळतो तो क्रूसाजवळ. मार्कमध्ये क्रूस वाहायला कुरेनेकर शिमोनाला धरून आणतात. येणारेजाणारे हिणवतात, दोन्ही बाजूंचे लुटारूही हिणवतात, आणि येशू ओरडतो, ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस?’ लूकमध्ये त्यातला एक गुन्हेगार पश्चात्ताप करतो, त्याला सुखलोकाचं वचन मिळतं, आणि येशू आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवून शांतपणे जातो. योहानात तो क्रूस स्वतःच वाहतो, आईला शिष्याच्या स्वाधीन करतो आणि ‘पूर्ण झालं’ म्हणून मान टाकतो. दिवससुद्धा वेगळा आहे. मार्कमध्ये शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याच्या यहुदी सणाचं भोजन. योहानात वल्हांडणाची कोकरं कापली जातात त्याच दिवशी येशू मरतो, आणि याच ग्रंथात पहिल्या अध्यायापासून त्याला देवाचं कोकरू म्हटलेलं आहे. या चार कथांची एकच कथा करून वाचण्याची सवय मला फार नुकसानीची वाटते, कारण मार्कमधला तो आक्रोश त्यात हमखास बोथट होतो.

येशूचा शिष्य थोमा याच्या नावावरचा, बायबलबाहेरचा ग्रंथ घ्यावा का, असंही विचारलं जातं. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ तो कॉप्टिक भाषेत सापडला. ११४ वचनं आहेत. क्रूस नाही, पुनरुत्थान नाही. वाचावा जरूर, पण चौघांनंतर. एकच जादा मजकूर वाचायला वेळ असेल तर मी त्याऐवजी नव्या करारातलंच, सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याचं करिंथकरांस पहिलं पत्र सुचवेन, विशेषतः १५वा अध्याय. ते इ.स. ५०च्या दशकातलं, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीचं. आणि येशू मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला ही साक्ष आपल्याला मिळाली तशीच आपण पुढे दिली, असं पौल तिथे स्वतः सांगतो.