आमच्या शिलाई युनिटमधलं घरगुती हिंसेवरचं सेशन: घ्याच, पण वॉचमनलाही बसवा (4 स्टार)

गोकुळ शिरगावात माझं शिलाईचं छोटं युनिट आहे, 18 मशीन, कामाला सगळ्या बायकाच. कोल्हापुरातल्या एका समुपदेशन केंद्राच्या ताईंना बोलवून घरगुती हिंसेवर दोन तासाचं सेशन घेतलं, त्याचा हा रिव्ह्यू.

का घेतलं ते आधी सांगते. ओव्हरलॉक मशीनवरची एक पोरगी, हात इतका साफ की तिचा पीस मी कधी उलटून बघितला नाही, आणि दिवाळीनंतर रोज उशीर, खाडे, शिलाई वाकडी, म्हणून मी तिला सगळ्यांसमोर बोलले आणि अर्धा रोज कापला. मग एक दिवस सुई बोटात गेली म्हणून तिची बाही वर सारली तर मनगटापासून कोपरापर्यंत काळंनिळं. पगाराच्या दिवशी नवरा गेटवर हजर, आणि आमचा वॉचमन त्याला दाजी दाजी करून चहा पाजायचा. मी कापलेल्या त्या अर्ध्या रोजावरून तिला घरी मार बसला होता हो, अजून ते आठवलं की पोटात कालवतं.

ताईंनी सांगितलेलं सगळ्यात कामाचं म्हणजे घरगुती हिंसेविरुद्धच्या 2005 च्या कायद्यातलं कलम 18, कोर्ट नवऱ्याला बायकोच्या कामाच्या जागी यायला बंदी घालू शकतं, मला हे माहीतच नव्हतं. पगार काढून घेणं हा पण आर्थिक छळच. आणि तक्रार तिनेच द्यायला पाहिजे असं नाही, मालक, शेजारी कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतं, चांगल्या हेतूनं कळवलं तर आपल्यावर काही येत नाही. पण तिला विचारल्याशिवाय कळवू नका, घरी गेल्यावर भोगायचं तिलाच असतं, हे त्यांनी तीनदा बजावलं. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर आणि सखी केंद्राची, म्हणजे छळ झालेल्या बायकांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्राची, माहिती दिली, ती आता बाथरूमच्या दाराला आतून चिकटवलीय, तिथं बायका निवांत वाचतात.

एक स्टार कापला कारण पहिला तास नुसता प्रोजेक्टर आणि कलमं, बायका पेंगायला लागल्या. प्रश्नाला दहा मिनिटं, तीही सगळ्यांसमोर, कोण बोलणार? नंतर नळापाशी तिघीजणी ताईंना गाठून बोलत होत्या, ते सेशनपेक्षा लई मोलाचं होतं. आणि सुपरवायझर, वॉचमन बाहेरच राहिले. येत्या शनिवारी ताई परत येतायत, फक्त त्या दोघांसाठी आणि माझ्यासाठी.