सॅटिन टूके क्लिअर: गाडीवर मारून बघितलेल्याचा रिव्ह्यू

कमी चकाकीचा रंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर मॅट येतो, तो शाळेतल्या फळ्यासारखा कोरडा काळा. फोटोत एकदम भारी दिसतो, मान्य, पण रोज वापरायच्या गाडीला मॅट म्हणजे डोक्याला ताप आहे, हात लागला की ठसा, बोनेटवर कोणी टेकलं की कपड्याचा डाग, आणि पुसायला गेलं तर पुसलेली जागाच वेगळी दिसायला लागते. म्हणून मी सॅटिन टूके क्लिअर घेतला, म्हणजे रंगावर मारायचा पारदर्शक थर, ज्याची चकाकी मॅट आणि चकचकीतच्या मधली असते, आणि टूके म्हणजे हार्डनर (कडक करणारं रसायन) मिसळून वापरायचा. आता गाडी धुऊन, उन्हात उभी करून, पावसात फिरवून झाल्यावर लिहितोय. ब्रँडचं नाव टाकत नाही कारण जे सांगायचंय ते जवळपास सगळ्याच सॅटिन क्लिअरला लागू पडतं.

निवडीचं आधी. चकाकी ग्लॉस मीटरने ६० अंशाच्या कोनात मोजतात, नेहमीचा चकचकीत क्लिअर ९० च्या आसपास वाचतो, सॅटिन ढोबळ मानाने २५ ते ४५ मध्ये आणि पूर्ण मॅट १० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली. ढोबळ म्हणतोय कारण एका कंपनीचं सॅटिन दुसऱ्या कंपनीकडे सेमी ग्लॉस म्हणून मिळतं, त्यामुळे डब्यावरच्या नावावर जाऊ नका, टेक्निकल शीटवर आकडा दिलेला असेल तर तो बघा. काही कंपन्या चकचकीत आणि मॅट असे दोन क्लिअर देतात आणि कुठली चकाकी हवी तर किती प्रमाणात मिसळायचे त्याचा तक्ता देतात. ती सोय चांगली आहे, पण दोन्ही त्याच कंपनीचे आणि त्याच सीरिजचे घ्या, घरात पडलेला जुना क्लिअर त्यात ढकलू नका.

रंग खालच्या थरात, म्हणजे बेसकोटमध्ये असतो, चकाकी ठरते वरच्या क्लिअरने, त्यामुळे जुन्या चकचकीत गाडीचाच शेड ठेवून नुसता लूक बदलता येतो. माझा शेड गडद राखाडी मेटॅलिक आहे आणि सॅटिनखाली त्यातले मेटॅलिकचे कण शांत झाले, चमचम गेली आणि दाराच्या कडेची मूळ रेघ आता नीट उठून दिसते. हे मला सगळ्यात आवडलं. प्लेन पांढऱ्यावर मात्र सॅटिनचा तेवढा फरक पडत नाही, लांबून प्रायमर मारून सोडल्यासारखं वाटतं, त्याला चकचकीतच बरा.

आता डबा. क्लिअर वेगळा, हार्डनर वेगळा. चकाकी कमी करण्यासाठी यात सिलिकासारखी बारीक पावडर घातलेली असते, रंग सुकताना आकसतो तेव्हा त्या पावडरमुळे पृष्ठभाग अगदी सूक्ष्म खडबडीत होतो आणि प्रकाश आरशासारखा सरळ न परतता विखुरतो, एवढीच सगळी जादू. पण ती पावडर तळाशी बसते! झाकण उघडल्यावर काठी घातली तर खाली घट्ट थर लागला, तो पूर्ण मोकळा होईपर्यंत ढवळत बसावं लागलं. वरवर ढवळून ओतला तर डब्यातला पहिला अर्धा चकचकीत आणि शेवटचा अर्धा मॅट निघणार. ही गोष्ट कंपनीने माहितीपत्रकात कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलीये, खरं तर झाकणावर मोठ्याने लिहायला हवी, इथे माझा एक मार्क कट.

मारण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण खरी परीक्षा तिथेच आहे. चकचकीत क्लिअरमध्ये सगळं माफ असतं, धूळ बसली, ओघळ आला, संत्र्याच्या सालीसारखं टेक्स्चर आलं, तरी दुसऱ्या दिवशी पाणपेपरने घासून बफिंग केलं की मिटलं. सॅटिनमध्ये घासणं नाही आणि बफिंगही नाही, कारण बफ केलेली जागा चकाकते आणि ती पुन्हा सॅटिन होत नाही. म्हणजे स्प्रे गनमधून जे आलं तेच फायनल. त्यामुळे जागा धुवून घ्या, जमीन ओली ठेवा, पॅनेल टॅक क्लॉथने (धूळ टिपणारं चिकट कापड) पुसा, आणि कपडे झटकून नाही तर बदलून आत जा.

दुसरं म्हणजे थराची जाडी. ओला जाड हात मारला की तो हळू सुकतो, पावडरला खाली बसायला वेळ मिळतो आणि तेवढी जागा जास्त चकाकते, पातळ कोरडा हात मारला की तीच जागा मॅट होते. म्हणून गनचं अंतर, वेग आणि प्रेशर सगळं सारखं ठेवावं लागतं आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्म्याहून जास्त चढवावा लागतो. मी दुसरा हात पहिल्याला आडवा मारला, म्हणजे पहिला डावीकडून उजवीकडे तर दुसरा वरून खाली, पट्टे दिसत नाहीत त्याने. पहिला हात पूर्ण मंद होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, घड्याळापेक्षा पॅनेलकडे बघा, कुठे एक ओला चकाकणारा ठिपका उरला असेल तर थांबा. गरम हवेत स्लो, म्हणजे हळू सुकणारा थिनर घ्या, नाहीतर बोनेटच्या या टोकाला पोचेपर्यंत ते टोक सुकलेलं असतं आणि मध्ये ढगासारखे पट्टे उठतात.

बोनेट, दारं, डिकी, जे काय करायचं ते शक्यतो एकाच बसणीत आणि एकाच मिक्समधून करा. आज दार आणि पुढच्या आठवड्यात मडगार्ड असं केलं तर दोघांची चकाकी जुळणं नशिबावर. आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघा, आणि तो पूर्ण सुकल्यावरच मत बनवा, ओला असताना प्रत्येक सॅटिन चकचकीतच दिसतो. खालच्या तयारीत कंटाळा नको. पत्र्यातली हलकी लाट सॅटिनमध्ये थोडी लपते हे खरंय, कारण प्रतिबिंब स्पष्ट पडत नाही, पण जाड पेपरचे ओरखडे आणि लांबीच्या (पुट्टीच्या) कडा नाही लपत.

मास्कबद्दल मस्करी नको. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा लागू शकतो आणि धोकादायक प्रमाणात असलं तरी वासाने कळेलच असं नाही. कापडी मास्क इथे शून्य कामाचा. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, हातमोजे, पूर्ण अंगभर सूट आणि हवा खेचणारा बूथ (रंग मारायची बंद खोली), हे नसेल तर बूथवाल्याकडून मारून घ्या. टूकेचे स्प्रे कॅनही मिळतात, बूड दाबून आतलं हार्डनर फोडायचं, आरशाचं कव्हर वगैरे छोट्या भागाला ठीक आहेत, पण त्यातही तेच रसायन आहे आणि एकदा फोडला की कॅन थोड्या वेळातच निकामी होतो.

वापरातला अनुभव चांगला आहे. पाणी टाकून, साध्या न्यूट्रल शाम्पूने आणि मऊ मायक्रोफायबरने धुतो, चकाकी सगळीकडे सारखी राहिलीये. ब्रशवाल्या ऑटोमॅटिक वॉशमध्ये नेत नाही, वॅक्स आणि पॉलिश तर घरात ठेवतच नाही, कोणी प्रेमाने चोळून दिलं तर संपलं. पक्ष्याची घाण दिसली की लगेच भिजवून काढायची, वाळली तर डाग पडतो आणि तो डाग घासून काढायचा मार्ग इथे बंद आहे. ओरखड्याचंही तेच, छोटा टच-अप उठून दिसतो, अख्खं पॅनेल कडेपासून कडेपर्यंत परत मारावं लागतं. ज्याची गाडी रोज चिंचोळ्या पार्किंगमध्ये घासते त्याने सॅटिन व्हिनाइल रॅपचा (रंगावर चिकटवायची फिल्म) विचार करावा, खराब झालं की तेवढाच तुकडा बदलता येतो आणि खालचा मूळ रंग शाबूत राहतो. जवळून बघितल्यावर कडा आणि जोड दिसतात हा रॅपचा तोटा, मला तेच खटकलं म्हणून मी रंगाकडे गेलो.

एकूण पाचपैकी चार. उरलेला क्लिअर आणि हार्डनर झाकणं घट्ट लावून वेगवेगळे ठेवलेत (हार्डनर दमट हवेने लवकर खराब होतो), आणि डब्यावर मार्करने मिसळलेलं प्रमाण, थिनरचा नंबर, गनची टिप आणि प्रेशर लिहून ठेवलंय. टेस्टचा पत्राही फेकलेला नाही, उद्या एखादं दार परत मारायची वेळ आली तर पेंटरला चकाकी जुळवायला तोच द्यायचाय.