वर्क परमिटचे पैसे घेतले, पासपोर्टला चिठ्ठी व्हिजिटरची

नाशिकात सध्या कॉलेज रोड घ्या, गंगापूर रोड घ्या, शरणपूर रोड घ्या, जिकडं बघावं तिकडं इमिग्रेशनवाल्यांचे बोर्ड आहेत आणि अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या पोरांना जे सगळ्यात जास्त विकलं जातंय तेच मलाही विकलं, कॅनडाचं एलएमआयएवालं वर्क परमिट, म्हणजे तिकडच्या कंपनीला बाहेरचा माणूस घ्यायला जी सरकारी मंजुरी लागते तिच्यावरचं. ऑफिसचं नाव टाकत नाही कारण तक्रार चालू आहे, पण पद्धत सगळी सांगतो, कारण ज्यांच्याशी बोललो त्यातल्या बऱ्याच जणांना हेच शब्द न् शब्द ऐकवलेत.

मी अंबडला व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) आहे, प्रोग्रामिंग, सेटिंग दोन्ही करतो. डिप्लोमा मेकॅनिकल, वय ३३, लग्न झालंय, एक मुलगी. २०२५ च्या जुलैत त्या ऑफिसात गेलो ते एवढंच विचारायला की एक्सप्रेस एन्ट्रीतून, म्हणजे पॉइंट बघून कॅनडाचा पीआर (कायमचं राहायची परवानगी) देतात त्यातून, माझं काही होतं का. काउन्सेलर मॅडमनी चहा मागवला, वय शिक्षण आयईएलटीएस सगळं कॉम्प्युटरवर टाकलं, स्कोअर आला तीनशेच्या आसपास, मग स्क्रीन माझ्याकडं फिरवून म्हणाल्या, "सर, पीआरचं विसरा. तुम्हाला एलएमआयए बेस्ट. जॉब ऑफर आली की पन्नास पॉइंट तिथंच वाढतात, वर्षभरात पीआर हातात."

आता यातलं अर्धं खरं आहे आणि सगळी मेख तिथंच आहे. तीनशेनी काही होत नाही हे खरंच. ठराविक स्कोअरच्या वरच्यांना पीआरच्या अर्जासाठी बोलावतात त्याला ड्रॉ म्हणतात, आणि कॅनडात आधी काम केलेल्यांचे जे ड्रॉ होतात त्यांचा कटऑफ २०२५ मध्ये पाचशेच्या खाली आला नव्हता. असं एक खरं सांगितलं की समोरच्याला वाटतं चला, हे लोक खोटी आशा लावत नाहीत, आणि मग पुढचं सगळं गळी उतरतं. पुढचं मात्र साफ खोटं होतं. जॉब ऑफरचे ते पॉइंट २५ मार्च २०२५ पासून काढूनच टाकलेत, आणि का काढले तर असे एलएमआयए विकायचा धंदा बोकाळला होता म्हणून, हे तिथल्या सरकारनंच सांगितलंय. म्हणजे ज्या धंद्यामुळं पॉइंट गेले तोच धंदा करणारा माणूस मला ते पॉइंट विकत होता.

दुसरं एक त्यांनी बोलून पण दाखवलं नाही. माझं काम तिकडच्या एनओसी यादीत, म्हणजे कामधंद्यांच्या सरकारी यादीत, ७२१०० मध्ये येतं, मशिनिस्ट आणि टूलिंग इन्स्पेक्टर, आणि तो कोड एक्सप्रेस एन्ट्रीतल्याच फेडरल स्किल्ड वर्कर योजनेत चालतो. तिथं आधी १०० पैकी ६७ गुण लागतात (हे पात्रतेचे, वरचा तीनशेचा स्कोअर वेगळा), इंग्रजी सीएलबी ७, म्हणजे कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवर सातवी पातळी लागते, डिप्लोमाचं ईसीए, म्हणजे तो तिकडच्या कुठल्या शिक्षणाच्या बरोबरीचा याची तपासणी करून घ्यावी लागते, तेवढं असलं की प्रोफाइल टाकायला एक रुपया लागत नाही. नंतर एखाद्या प्रांतानं नॉमिनेट केलं तर स्कोअरमध्ये ६०० पॉइंट मिळतात. फ्रेंच येणाऱ्यांचे ड्रॉ वेगळे असतात, त्यांचा कटऑफ मार्च २०२५ मध्ये ३७९ पर्यंत उतरला होता. ट्रेडवाल्यांची पण वेगळी कॅटेगरी आहे, फेडरल स्किल्ड ट्रेड्स, फक्त तिथं एक वर्षाची पक्की जॉब ऑफर नाहीतर तिथल्या प्रांताचं ट्रेड सर्टिफिकेट लागतं. सोपं यातलं काहीच नाही, पण हे सगळं आपलं आपण करता येतं आणि यात त्या ऑफिसला साडेसात लाख मिळत नाहीत.

साडेसात लाख, हो. रजिस्ट्रेशनचे २५ हजार, त्याची छान जीएसटीची पावती दिली. नंतर "एलएमआयए फी" म्हणून तीन लाख, त्यातले दीड कुणातरी बाईच्या पर्सनल खात्यावर यूपीआय आणि दीड कॅश, पावती मागितली तर म्हणे तिकडचा एम्प्लॉयर पावती देत नाही. बाकीचे व्हिसा आल्यावर. आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून पैसे उभे केले होते, घरात त्यावरून काय चाललंय ते इथं लिहीत नाही.

एलएमआयए म्हणजे काय तर तिकडची कंपनी सरकारला दाखवते की या कामाला आम्हाला कॅनडातला माणूस मिळत नाही. अर्ज कंपनीचा आणि फी पण कंपनीचीच, एका जागेमागं १००० कॅनेडियन डॉलर, आपले साठ हजारांच्या आसपास. ती फी कामगाराकडून वसूल करायला तिकडं कायद्यानंच बंदी आहे. सो "एलएमआयए फी" हे दोन शब्द कुणी तोंडातून काढले की समजायचं एकतर कागद खोटा आहे नाहीतर तिकडचा मालकही यात सामील आहे. आणि कागद खरा निघाला तरी ते परमिट त्या एकाच मालकाला बांधलेलं असतं, मालक फिरला की तुम्ही परदेशात लटकले.

दीड महिन्यानं ऑफर लेटर आलं, ओंटारियोतली एक मशीन शॉप, लेटरहेड वगैरे एकदम झकास. मी रात्री जेवण झाल्यावर नीट वाचत बसलो तर कामाच्या वर्णनात टॉलरन्सचं स्पेलिंग चुकलेलं, ए च्या जागी ई. हीच चूक माझ्या रेझ्युमेत आहे, त्याच वाक्यात, पहिल्या नोकरीपासून आहे. कॅनडातली मशीन शॉप, ज्यांचं पोट मायक्रॉनवर चालतं, ते माझं वाक्य माझ्या चुकीसकट कशाला छापतील? मायक्रोमीटर धरून धरून एक सवय लागते, एक गोष्ट मापात बसली नाही की सगळा पीस परत चेक करायचा.

लेटरवरचा फोन नंबर सोडून दिला, कंपनीच्या वेबसाइटवरचा घेतला आणि आपल्या संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, फोन लावला. उचलणारी बाई शांतपणे म्हणाली की आम्ही कुणालाच लेटर दिलेलं नाही, आणि इंडियातून असे फोन आम्हाला येत असतात. कंपनी खरी, पत्ता खरा, आणि त्या बिचाऱ्यांना याचा पत्ताच नाही.

मग लायसन्स बघितलं. पैसे घेऊन कॅनडाच्या व्हिसाचा सल्ला द्यायला तिकडचा वकील नाहीतर आरसीआयसी लायसन्सवाला इमिग्रेशन कन्सल्टंट लागतो, आणि या कन्सल्टंटांचं रजिस्टर त्यांना लायसन्स देणाऱ्या संस्थेच्या (तिला कॉलेज म्हणतात) साइटवर कुणालाही उघडून बघता येतं. ऑफिसच्या भिंतीवर सर्टिफिकेटं भरपूर होती, त्यातली निम्मी आयईएलटीएस क्लासची. नंबर मागितला तर "आमचे कॅनडात पार्टनर आहेत" म्हणून एक आर नंबर, म्हणजे लायसन्स नंबर, व्हॉट्सअॅप केला. नंबर खरा निघाला, माणूसही खरा. रजिस्टरवरच्या ईमेलवर त्याला विचारलं, दोन ओळींचं उत्तर आलं की नाशिकच्या कुठल्याही ऑफिसशी माझा संबंध नाही. भिंतीवर मेपलचं पान लावलं म्हणून काय झालं, आपल्या नाशिकात कॅनडा कॉर्नर नावाचा चौक पण आहेच की.

पासपोर्ट त्यांच्याकडंच होता, "फाइल तयार करायला" म्हणून पहिल्याच दिवशी ठेवून घेतलेला. मागायला गेलो तर आज सर नाहीत, उद्या या, चावी सरांकडं आहे. शेवटी मी आणि माझा मेव्हणा दोघं जाऊन बसलो, मेव्हणा जरा आवाजाचा माणूस आहे, तो म्हणाला ताई, पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते, पासपोर्ट कायद्यात लिहिलंय तसं, तुम्ही दाबून ठेवू शकत नाही, देता का लावू ११२. मग चावी सापडली. खालच्या ड्रॉवरमधून ऑफिसातल्या पोरीनं रबर लावलेले गठ्ठे काढले, एकेका गठ्ठ्यात आठ-दहा पासपोर्ट, प्रत्येकाला पिवळी चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि कॅटेगरी. माझ्या चिठ्ठीवर माझं नाव आणि खाली पेननं लिहिलेलं, व्हिजिटर.

वर्क परमिटचे सव्वातीन लाख देऊन झाले होते आणि फाइल चालली होती टुरिस्टची! विचारलं हे काय, तर ती पोरगी बोलून गेली, "सर, तुम्हाला आधी व्हिजिटरवरच पाठवणार ना, तिकडं गेल्यावर वर्कमध्ये कन्व्हर्ट होतं." तर हे पण ऐकून ठेवा. कॅनडात व्हिजिटर म्हणून गेलेल्याला तिथं बसूनच वर्क परमिटचा अर्ज करता यायचा ती कोविडच्या काळातली सवलत होती, २८ ऑगस्ट २०२४ ला ती बंद झाली. व्हिजिटर व्हिसाची सरकारी फी १०० डॉलर आणि बायोमेट्रिकचे ८५, बास. तेवढ्यात माणूस विमानात बसवायचा आणि लाखो रुपये खिशात घालायचे, तिकडं उतरल्यावर तो काम करू शकत नाही आणि इकडं यांचा फोन लागत नाही.

त्या ऑफिसात ओळख झालेला देवळालीचा एक वेल्डर आहे, त्याचं तर माझ्याहून वाईट झालं. त्याची फाइल असंच लेटर लावून खरोखर वर्क परमिटला गेली होती. अर्जाचं अकाउंट एजंटच्या ईमेलवर, पासवर्ड एजंटकडं, आणि फॉर्मवर एजंटचं नाव कुठंच नाही, कागदोपत्री सगळं यानं स्वतःच भरलंय असं. आयआरसीसीचं, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचं पत्र आलं की ऑफर लेटरबद्दल शंका आहे, खुलासा करा, ते पत्र याच्यापर्यंत पोचलंच नाही. मिसरिप्रेझेंटेशन, म्हणजे खोटी माहिती दिली म्हणून रिजेक्ट, पाच वर्षं कॅनडा बंद, पीआर काय टुरिस्ट काय काहीच नाही. एजंटचं काय गेलं? त्यामुळं अर्ज कुणीही भरू दे, अकाउंट आपल्या ईमेलवर उघडायला लावा आणि पासवर्ड आपल्याकडंच ठेवा.

पैसे अजून आलेले नाहीत. यूपीआयचे दीड लाख १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून नोंदवलेत, बाकीचा अर्ज आर्थिक गुन्हे शाखेत दिलाय, देवळालीवाल्यानं पण दिलाय. कॅशच्या दीड लाखाला माझ्याकडं फक्त व्हॉट्सअॅपवरचा एक "रिसीव्हड सर" आहे, त्याचा स्क्रीनशॉट जोडलाय. त्या ड्रॉवरमध्ये बरेच गठ्ठे होते, म्हणजे नाशिक, सिन्नर, ओझरकडचे अजून कितीतरी जण असणार ज्यांना अजून वाटतंय की आपली फाइल वर्क परमिटची आहे. त्यांनी आधी जाऊन पासपोर्ट परत मागा, चिठ्ठी लावलेली असली तर काढायच्या आधी तिचा फोटो घ्या, आणि अर्ज द्यायचा असेल तर बँक स्टेटमेंट, चॅट आणि ऑफर लेटरची झेरॉक्स घेऊन मला मेसेज टाका, आपण सोबत जाऊ.